धुरा कोरला की शेत जातं, कॉम्प्युटरमधलंसुद्धा

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, सकाळचे साडेसात, आणि नागपूरचं ऊन तेव्हाच चटके द्यायला लागलेलं. एका पॅथॉलॉजी लॅबमधून फोन आला, भाऊ लवकर या, रिपोर्टच उघडून नाही राहिले. मी वीस वर्षांपासून शहरातल्या छोट्या ऑफिसांची, शाळांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराची देखभाल, करतो, असे फोन नवीन नाहीत. पण तिथं गेलो तर रक्ताच्या पेशी मोजायच्या मशीनला जोडलेला जो जुना कॉम्प्युटर होता त्याच्यावरच्या सगळ्या फायलींच्या नावामागे भलतीच अक्षरं चिकटलेली, आणि डेस्कटॉपवर एक नोटपॅडची फाइल, पैसे भरा नाहीतर फायली विसरा. टेक्निशियन ताई मशीनच्या छोट्या स्क्रीनवरचे आकडे बॉलपेनने कागदावर उतरवत होती, हिमोग्लोबिन, डब्ल्यूबीसी, प्लेटलेट, आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून परत वाचत होती कारण एक दशांश चिन्ह इकडचं तिकडं झालं तर पेशंटचं काय. बाहेर बाकावर एक मावशी बसलेल्या. नवऱ्याचे मागच्या तीन महिन्यांचे रिपोर्ट डॉक्टरांनी मागितलेले, आणि ते त्या फायलींमध्ये होते. बॅकअप म्हणून जी हार्डडिस्क होती ती त्याच कॉम्प्युटरला चोवीस तास लावून ठेवलेली, म्हणजे तीपण गेली.

त्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची दुरुस्ती, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला बंद केली. शेजारच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७, त्याची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला बंद. इंटरनेट बिलिंगवर होतं, दोघांच्यात एक फोल्डर शेअर केलेलं, तिथून ते फायली अडकवून पैसे मागणारं सॉफ्टवेअर आत आलं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलोय आणि आज लिहून काढतो. आपल्याकडं कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवरून, म्हणजे सिस्टिमवरून, वाद काय चालतो, तर विंडोज चांगलं का लिनक्स चांगलं का मॅक. माझं म्हणणं असं की ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे कागद आहेत, आधार, सातबारा, रक्ताचे रिपोर्ट, पोरांचे मार्क, फिक्स डिपॉझिटची खाती, तिथं पहिला प्रश्न ब्रँडचा नाहीच. या सिस्टिमची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होणार आणि ती तारीख कोण पाहतंय, हा पहिला प्रश्न. आणि ती तारीख उलटून गेलेली सिस्टिम लोकांच्या कागदांवर चालू ठेवायची परवानगीच नसावी, सरकारी असो की खाजगी.

हे असं काऊन म्हणतो ते समजायला आतलं थोडं बघावं लागतं.

आमच्या विदर्भात शेताच्या हद्दीला धुरा म्हणतात. धुऱ्याची भांडणं ज्यानं पाहिली त्याला मेमरी प्रोटेक्शन, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू न देणं, वेगळं समजवावं लागत नाही. शेजारी वखर फिरवताना दरवर्षी वीतभर धुरा कोरतो, कोणाला दिसत नाही, आणि दहा वर्षांनी तुमचं तास त्याच्या शेतात गेलेलं असतं. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे असंच एक मोठं शिवार आणि त्यात एकाच वेळी शंभर-दीडशे प्रोग्राम वाहिती करत असतात, ब्राउझर, टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस. प्रत्येकाला वाटतं सगळी जमीन आपलीच, कारण त्याच्या हातात स्वतःचा वेगळा सातबारा दिलेला असतो. खरी जमीन कुठं आहे ते फक्त तलाठ्याच्या दप्तरात, आणि हा तलाठी म्हणजे कर्नल, सिस्टिमचा गाभा. जमिनीचे तुकडे साधारण ४ केबीचे, त्यांना पेज म्हणतात, आणि प्रत्येक पेजवर शेरा लिहिलेला की हे कोणाचं, फक्त वाचायचं की लिहायचंपण, इथून प्रोग्राम चालवायचा की नाही. प्रोग्रामने मेमरीत पाय टाकला की प्रोसेसर स्वतः तो शेरा तपासतो, दर वेळी, आणि हद्द ओलांडली की तिथंच थांबवतो. घरातल्या पीसीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये हे पेजचं काम १९८५ च्या ३८६ पासून आलं, फक्त चालवायचा की नाही हा शेरा बराच नंतर आला.

म्हणजे सोय होती. पण सोय असणं वेगळं आणि सिस्टिमने ती पूर्ण वापरणं वेगळं.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये प्रोग्राम-प्रोग्राममध्ये धुरा होता पण सिस्टिमच्या स्वतःच्या जमिनीचा बराच भाग उघडा, कुठलाही प्रोग्राम त्यात लिहू शकायचा. १९९९ ला मी धरमपेठेतल्या एका क्लासला जायचो, तिथं एकाने पेंटमध्ये काही केलं आणि निळी स्क्रीन आली की त्याच्या प्रिंटला लावलेलं कामही गेलं, सगळं गेलं, आम्हाला वाटायचं कॉम्प्युटर असाच असतो. ॲपलच्या जुन्या मॅकमध्ये तर ओएस ९ पर्यंत प्रोग्राम-प्रोग्राममध्येपण खरा धुरा नव्हता, एक प्रोग्राम बिघडला की बॉम्बचं चित्र आणि पूर्ण मशीन रीस्टार्ट. दोघांनी ते २००१ मध्ये बदललं, मॅकने युनिक्स या जुन्या सिस्टिमच्या पायावरचं ओएस टेन आणलं आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीचा गाभा एक्सपीतून घरोघरी पोचवला. तो गाभा त्यांच्याकडं १९९३ पासून होता, ऑफिस आणि सर्व्हरवाल्यांना मिळत होता, घरवाल्यांना आठ वर्षं नाही मिळाला. युनिक्समध्ये हे आधीपासून, आणि लिनक्स १९९१ ला जन्मलं तेच ३८६ वर, त्यामुळं धुरा पहिल्या दिवसापासून.

आता इथं लिनक्सवाले मित्र खूश होतात. जरा थांबा.

शेजाऱ्यापासून धुरा राखला म्हणजे आपलं शेत सुरक्षित झालं असं नाही. घात बहुतेक वेळा स्वतःच्याच शेतात होतो. प्रोग्रामने नाव लिहायला समजा ५१२ अक्षरांची जागा ठेवली आणि बाहेरून कोणी ५३६ पाठवली, आणि मोजून घ्यायची पद्धतच नसेल, तर वरची अक्षरं पुढच्या जागेवर सांडतात, आणि तिथं जर "हे काम झालं की कुठं परत जायचं" हा पत्ता लिहिलेला असेल तर पाठवणारा तो पत्ता आपल्या सोयीने बदलतो. हे आकडे मी मनाने नाही घेतले. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म नावाचा आपोआप पसरणारा प्रोग्राम सुटला तो युनिक्सच्या फिंगर नावाच्या सेवेत असाच शिरला, आणि तेव्हाच्या इंटरनेटवरच्या साधारण ६० हजारांपैकी ६ हजार मशिनी आडव्या झाल्या असा अंदाज सांगतात. युनिक्सच होतं ते. धुरा होता, तरी झालं, कारण चोर आत आल्यावर त्या प्रोग्रामच्याच नावाने वावरत होता.

मग त्यावर दोन उपाय निघाले आणि या दोघांच्या तारखा मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण सिस्टिमची खरी तुलना इथं आहे. एक म्हणजे धान्याच्या कोठीत चूल पेटवू द्यायची नाही, म्हणजे जी मेमरी नुसता डेटा ठेवायला आहे तिथून प्रोग्राम चालूच द्यायचा नाही. दुसरं म्हणजे रोज सकाळी विहीर, गोठा, खळं यांची जागाच बदलून टाकायची, म्हणजे चोराजवळ कालचा नकाशा असला तरी आज तो रिकाम्या जागी खड्डा खणणार. पहिल्याला डीईपी म्हणा, दुसऱ्याला एएसएलआर. दुसरी कल्पना २००१ मध्ये लिनक्सच्या पॅक्स नावाच्या पॅचमध्ये आली, ओपनबीएसडी या छोट्या सिस्टिमने दोन्ही गोष्टी २००३ मध्ये कोणाला काही सेटिंग करायला न लावता चालू करून दिल्या. विंडोजमध्ये डीईपी ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ला आली, लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये एएसएलआर २००५, विंडोजमध्ये व्हिस्टाबरोबर २००७, मॅकमध्ये २००७ ला अर्धवट आणि २०११ ला नीट, आयफोनमध्येपण २०११. ज्या व्हिस्टाला आपण सगळ्यांनी जड म्हणून शिव्या घातल्या आणि मी स्वतः किती गिऱ्हाइकांना काढून परत एक्सपी टाकून दिलं, त्या व्हिस्टात विंडोजची सगळ्यात मोठी दुरुस्ती झालेली होती, आणि आम्ही ती दुरुस्ती उखडून लोकांना जुन्या पडक्या घरात परत नेऊन बसवलं. एक्सपीत एएसएलआर कधीच आलं नाही. म्हणजे लॅबमधला तो कॉम्प्युटर चोराला तोंडपाठ होता, विहीर वीस वर्षं त्याच जागी.

आजची परिस्थिती बघितली तर या भिंती सगळ्यांकडं आहेत. फरक उरला तो तलाठ्याच्या खोलीत कोणाकोणाला बसवलंय यात. विंडोज आणि लिनक्स दोन्हीमध्ये डिस्क, ग्राफिक्स, नेटवर्क यांचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या खोलीत बसून काम करतात आणि त्या खोलीत धुरा नाही, तिथं एकाची चूक सगळ्यांची चूक. १९ जुलै २०२४ आठवा, देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षेच्याच सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये बसलेला, त्याला आलेल्या नवीन फायलीमुळे तो २१ वा खाना वाचायला गेला आणि खाने दिलेले होते २०. बस. एक खाना हद्दीपलीकडं, आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या. त्या फायलीने मॅक आणि लिनक्सला काही झालं नाही. मॅकबद्दल इथं मला मनापासून चांगलं बोलायचंय, कारण ॲपलने २०१९-२० पासूनच बाहेरच्या कंपन्यांना या खोलीतून बाहेर काढायला सुरुवात केली होती, अँटिव्हायरसनेसुद्धा बाहेर बसून काम करावं. कंपन्या चिडल्या, जुनी उपकरणं चालेनाशी झाली, पण निर्णय बरोबर होता, आणि आता मायक्रोसॉफ्टपण अँटिव्हायरस कर्नलबाहेर काढायच्या कामाला लागलंय.

लिनक्सचं म्हणाल तर २०१६ मध्ये डर्टी काऊ नावाचं भोक सापडलं, मेमरीच्याच हिशेबातलं, साधा युजर त्यातून रूट, म्हणजे पूर्ण मशीनचा मालक, व्हायचा. ते २००७ पासून तिथं होतं. नऊ वर्षं. सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांसमोर उघडा आहे म्हणून कोणीतरी बघतच असेल असं आपण धरून चालतो, पण बघणारे कमी असतात. तरी एक आहे, सापडल्यावर दुरुस्ती पटकन आली आणि फुकट आली, कोणाला लायसन विचारलं नाही.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा युजर धरतात, म्हणजे एका ॲपचं दुसऱ्याला दिसत नाही, आपल्या पीसीपेक्षा ही रचना मला जास्त आवडते. पण सध्या लग्नपत्रिकेच्या नावाने, आरटीओच्या चलानच्या नावाने ज्या एपीके फायली, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायच्या फायली, व्हॉट्सॲपवर फिरतात त्या भिंत फोडतच नाहीत, माणूस स्वतः इन्स्टॉल करतो, एसएमएसची परवानगी देतो आणि दार उघडून देतो. तिथं कर्नल काही करू शकत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. या सिस्टिमींचा बराच भाग सी आणि सी++ मध्ये लिहिलेला, ज्या भाषा हद्द मोजत नाहीत. मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये सांगितलं की दरवर्षी ते जी सुरक्षेची भोकं बुजवतात त्यातली साधारण ७० टक्के मेमरीच्या चुकांची असतात. गूगलने अँड्रॉइडमध्ये नवीन काम रस्टसारख्या हद्द पाळणाऱ्या भाषांमध्ये करायला सुरुवात केली आणि २०१९ ला ७६ टक्के असलेलं हे प्रमाण २०२४ ला २४ वर आलं. लिनक्स कर्नलमध्येपण डिसेंबर २०२२ पासून रस्ट आलंय. म्हणजे भोकं कमी होतील, पण जुन्या कोट्यवधी ओळी तशाच आहेत, दर महिन्याला काही ना काही निघणारच.

म्हणूनच मी तारखेवर अडून बसतो. भोक सापडल्यावर ते सगळ्या जगाला कळतं, दुरुस्ती ज्याला मिळते तो वाचतो आणि ज्याची बंद झाली त्याच्या घराचा पत्ता जाहीर झालेला असतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं असंच फायली अडकवून पैसे मागणारं सॉफ्टवेअर आलं, दीडशे देशांत पसरलं, इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांची ऑपरेशनं रद्द झाली, आणि त्या भोकाची दुरुस्ती १४ मार्चला, दोन महिने आधी, निघालेली होती. ज्यांनी टाकली ते वाचले. आपल्याकडं नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले तेव्हा देशातल्या एवढ्या नावाजलेल्या दवाखान्यात कित्येक दिवस कागदावर काम चाललं.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती बंद झाली. घरच्या युजरला नोंदणी केली तर एक वर्ष वाढीव मिळतं, संस्थांना पैसे भरून. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मी ज्या शाळा आणि पतसंस्था सांभाळतो तिथल्या अर्ध्याहून जास्त मशिनी चौथ्या-सहाव्या पिढीच्या आहेत, चांगल्या चालतात, फक्त रॅम वाढवली आणि एसएसडी टाकली की पळतात. त्यांचं काय करायचं याचं उत्तर मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, आणि बहुतेकांचं स्वतःचं उत्तर तयार असतं, चालू द्या भाऊ, चालून राहिलं ना.

चालून राहिलं तेच तर लॅबमध्येपण चालून राहिलं होतं.

आणि आपण स्वतः काय करतो तेपण बोललं पाहिजे. दाखले काढून देणाऱ्या दुकानात बसा एक तास. एकच लॉगिन, ते ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. विंडोज क्रॅक केलेलं, आणि क्रॅक टाकताना त्यात पहिली ओळच असते की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करा, तर बंद केलेला, नंतर चालू कोणी केला नाही. डाउनलोड फोल्डरमध्ये गावभरच्या लोकांचे आधार आणि पॅन. लोक पेनड्राइव्ह लावतात, काढतात. मोठमोठ्या इंजिनियरांनी पंधरा-वीस वर्षं खपून बांधलेल्या भिंतीला आपण पाचशे रुपये वाचवायला दार पाडतो, आणि नुकसान होतं ते त्या दुकानदाराचं नाही, ज्या मावशीने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधार दिलं तिचं. तिला कोणी विचारलंच नाही की तुमचा कागद कोणत्या कॉम्प्युटरवर ठेवू.

मला माहीत आहे याच्यावर लोक काय म्हणणार, कारण रोज ऐकतो. लिनक्स टाकलं तर डिजिटल सहीचं टोकन चालत नाही, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा, टॅली विंडोजवर, आणि पंधरा वर्षांची पत्रं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोडमध्ये उघडली की सगळी गिचमिड. खरं आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहराने मोठ्या हिमतीने बहुतेक कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजला जायचा निर्णय घेतला, त्यामुळे हे सोपं आहे असं मी कोणाला सांगणार नाही. पण केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून जीएनयू-लिनक्सवर आहेत, स्वतःची मल्याळम सगट, शिक्षकांना शिकवून, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस लिनक्स आपल्या भाषांसाठी २००७ पासून काढलेलं आहे. त्यामुळे होतच नाही हेपण खरं नाही.

माझं म्हणणं मशीन पाहून ठरवा. जिथं नुसतं ब्राउझरमध्ये काम चालतं, शाळेची लॅब, वाचनालय, चौकशीचा काउंटर, तिथं लिनक्स टाका, त्याच जुन्या मशीनवर, आजच, आवृत्ती अशी घ्या की जिची दुरुस्ती पाच वर्षं मिळते. जिथं टोकन आणि टॅली आहे तिथं विंडोज ११ चं खरं लायसन घ्या, रोजच्या कामाला साधा युजर करा, आणि सेटिंगमधलं मेमरी इंटेग्रिटी, जे कर्नलची खोली राखतं, ते चालू आहे का बघा, स्पीड कमी होतो म्हणून कोणीतरी बंद करून ठेवलेलं असतं. आणि जिथं नाइलाजच आहे, एखादं लाखो रुपयांचं मशीन जुन्या विंडोजशिवाय चालतच नाही, लॅबसारखं, तिथं त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढून टाका, पेनड्राइव्हचे पोर्ट बंद करा, आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा.

हे झालं मेकॅनिकचं. सरकारचं काम वेगळं आणि ते फार खर्चाचंही नाही. मी इतकी वर्षं खरेदीची कागदं बघतो, त्यात प्रोसेसर लिहिलेला असतो, रॅम, एसएसडी, मॉनिटर किती इंचाचा, माउस ऑप्टिकल पाहिजे हेसुद्धा लिहिलेलं असतं. सुरक्षेची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे मी पाहिलेल्या एकाही कागदात नव्हतं. रक्त तपासायच्या मशीनच्या कोटेशनमध्ये तर त्याच्यासोबत येणाऱ्या कॉम्प्युटरचं एका ओळीत, "पीसी सोबत". ती एक ओळ जर बदलली, की मशीनचं आयुष्य दहा वर्षं असेल तर त्याच्या सिस्टिमची दुरुस्तीपण दहा वर्षं द्या नाहीतर विकू नका, तर कंपनीला ते द्यावं लागेल. आणि लोकांचे कागद घेणाऱ्या प्रत्येक काउंटरवर, जसा दुकानात लायसनचा कागद फ्रेम करून लावतात तसा, या कॉम्प्युटरची दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत, असा एक कागद लावायची सक्ती पाहिजे. मावशीला डीईपी कळायची गरज नाही. तिला तारीख वाचता येते, दुधाच्या पिशवीवरची रोज वाचते.

लॅबच्या त्या फायली परत नाही मिळाल्या. डॉक्टर साहेबांनी पैसे भरले नाहीत, ते बरोबर केलं. त्या मावशींच्या नवऱ्याच्या दोन तपासण्या परत कराव्या लागल्या, लॅबने पैसे घेतले नाहीत, पण मागच्या तीन महिन्यांत प्लेटलेट चढत होत्या की उतरत होत्या हे डॉक्टरांना जे बघायचं होतं ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. पेशी मोजायचं मशीन अजून तेच आहे, त्याच्याजवळचा कॉम्प्युटर अजून एक्सपीचाच, फक्त त्याच्या मागच्या नेटवर्कच्या खाचेवर मी पांढरी टेप लावली आहे आणि तिच्यावर मार्करने लिहिलंय, वायर लावू नये.